४३ पेडलचे १४ करताना: काय आधी, काय नंतर

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी गिटारवाला मित्र फोन करतो, "भाऊ, पेडल बहुत होऊन गेले, काढून टाकाव म्हणतो, कोणते विकू?" पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचे, पायाने दाबून आवाज बदलणारे छोटे डबे. मी म्हणतो यादी पाठव, तर यादी नसते. मग तो पुढच्या रविवारी हाताला लागतील ते तीन चांगले पेडल घाईत देऊन टाकतो आणि दिवाळीपर्यंत त्यातला एक परत विकत घेतो, अर्थातच जास्त पैशात. मी पण हेच केलंय. एकच कोरस (आवाज दुहेरी झाल्यासारखा करणारा पेडल) तीनदा घेतला आणि दोनदा विकला, त्यामुळे शहाणपणा शिकवतोय असं समजू नका. एवढंच लक्षात आलंय की चूक कोणता पेडल विकला यात फार नसते, ती क्रमात असते. लोक आधी विकतात, मग उरलेले तपासतात, मग बोर्ड (पेडल एकत्र जोडायची पाटी) लावून बघतात आणि तेव्हा कळतं की जे हवं होतं तेच गेलं. खालचा क्रम याच्या बरोब्बर उलटा आहे, विक्री अगदी शेवटी येते आणि तिथपर्यंत पोचायला मला अडीच महिने लागले.

सुरू करायच्या आधी

वेळ नीट निवडा. नागपुरात मे महिन्यात हे काम काढू नका. कूलर चालू असला की त्याच्या मोटरचा आवाज गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचा आवाज पकडणारा भाग) घुसतो आणि चांगला पेडल खराब वाटायला लागतो, कूलर बंद केला तर माणूस खराब होतो. दिवाळीच्या सफाईत तर अजिबातच नको, घरात रद्दी निघत असते, आई दारात उभी राहून "हे डब्बे कधी जाणार" विचारत असते आणि त्या वातावरणात कोणाचाही निर्णय बिघडतो. दिवाळी झाली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी आणि थंड, हा बेस्ट काळ.

सामान आधी गोळा करा, मध्येच उठून बर्डीच्या बाजारात पळायची वेळ येऊ नये:

- दोन केबल, ज्यांच्यावर तुमचा डोळे झाकून विश्वास आहे
- ९ व्होल्टचा एक चांगला अडॅप्टर, सेंटर निगेटिव्ह (पिनच्या आतली बाजू उणे), आणि एक नवीन ९ व्होल्टची बॅटरी
- साधा मल्टिमीटर
- मास्किंग टेप, मार्कर, छोट्या झिप पिशव्या
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश
- तीन खोके, त्यातला एक टेपने पूर्ण बंद करता येईल असा

१. सगळं एका जागी आणा

सगळं म्हणजे सगळं. बोर्डवरचे, पलंगाखालचे, गिग बॅगच्या बाहेरच्या खिशातले, माळ्यावरचे आणि मित्रांकडे गेलेले. शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे, कारण "त्याच्याकडे माझा एक डिले आहे" हे वाक्य प्रत्येकाकडे असतं आणि तो डिले (प्रतिध्वनी देणारा पेडल) मोजणीत कधीच येत नाही. मी म्हणायचो माझ्याकडे "पंचवीस-तीस असतील", जमिनीवर मांडले तर ४३ निघाले, त्यात दोन माझे नव्हतेच.

सावध: या टप्प्यावर एकही पेडल वाजवायचा नाही. वाजवायला बसलात की दुपार गेली, मोजणी राहिली.

२. यादी करा, आणि खालची बाजू वाचून करा

फोनवर शीट करा नाहीतर वहीत लिहा, पण प्रत्येक पेडल उलटा करून लिहा. नाव आणि मॉडेल, सीरियल नंबर, किती व्होल्ट, पोलॅरिटी (अधिक-उणे कुठल्या बाजूला), किती मिलिअँपिअर, खोकं आहे का, स्वतःचा अडॅप्टर आहे का, आणि शेवटचा कधी लावला होता. शेवटच्या रकान्यात खोटं बोलायचं नाही. "मागच्या वर्षी बहुतेक" म्हणजे आठवत नाही, तसंच लिहा.

प्रत्येकाच्या तळाचा फोटो काढून ठेवा. विकताना लागतो, चोरी झाली तर लागतो, आणि बॉस कंपनीच्या जुन्या पेडलमध्ये तर जपानचा की तैवानचा की मलेशियाचा यावरून गिऱ्हाईक भाव वेगळा धरतो. अशा पेडलचं लेबल पुसू नका, घासू नका, काढू तर नकाच.

प्रत्येक पेडलवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर यादीतला नंबर टाका, त्याचा अडॅप्टर असेल तर त्यावरही तोच नंबर. अडॅप्टरचं जंगल हाच मोठा धोका आहे, त्यावर पुढे येतोच.

तपासा: यादीतले नंबर आणि जमिनीवरचे पेडल सारखे आहेत का. माझा हिशोब एकाने चुकत होता, वाह पेडल खुर्चीखाली होता.

३. वीज लावायच्या आधी वीज समजून घ्या

जळालेल्या पेडलच्या ज्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, त्यातल्या बहुतेक याच दिवसाच्या असतात. ४० पेडल, ८ अडॅप्टर, उत्साह, आणि "बसतंय ना भोकात, म्हणजे चालेल". नाही चालत. पिन तीच असते पण आतला व्होल्टेज ९, १२, १८, काहीही असू शकतो. मी असाच एक डिले संपवला, १८ व्होल्टचा अडॅप्टर दिसायला अगदी ९ व्होल्टवाल्यासारखाच होता, बारीक वास आला आणि खेळ खल्लास.

आधी अडॅप्टर तपासा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या आतल्या भोकात, काळं बाहेरच्या धातूला. आकडा उणे आला तर सेंटर निगेटिव्ह, अधिक आला तर सेंटर पॉझिटिव्ह. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट सेंटर निगेटिव्ह लागतो. आकडा आणि पोलॅरिटी टेपवर लिहून अडॅप्टरवर चिकटवा.

मग अपवाद बाजूला काढा:

जुन्या पद्धतीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ (आवाज फाडून जाड करणारे पेडल). यातले बरेच पॉझिटिव्ह ग्राउंडचे (अधिक-उणे इतरांच्या उलटं) असतात, त्यांना डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडल चालवणारी वायर) इतरांसोबत लावलं की सप्लाय शॉर्ट होतो. त्यांना बॅटरीवरच तपासा.

जुने बॉस, ज्यांच्यावर अडॅप्टरच्या जागी एसीए लिहिलंय. हे जुन्या १२ व्होल्टच्या अनरेग्युलेटेड अडॅप्टरसाठी बनवले होते. आजच्या ९ व्होल्टवर एकटा लावला तर एलईडी मंद लागतो आणि आवाज मेल्यासारखा येतो. लोक याला बिघडलेला समजून कवडीमोल विकतात! बॅटरी घालून बघा, बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

डिजिटलवाले. साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज थोडा फाटका करणारा पेडल) १०-२० मिलिअँपिअर पुरतात, मोठ्या डिजिटल डिले-रिव्हर्बला २५०-३०० लागू शकतात, आणि एचएक्स स्टॉम्पसारख्या मल्टिइफेक्टसोबत (एकाच डब्यात अनेक पेडल) तर ३ अँपिअरचा अडॅप्टर येतो. करंट कमी पडला तर पेडल जळत नाही, पण चालू-बंद होतो, अडकतो, विचित्र आवाज काढतो. एवढं लक्षात ठेवा की व्होल्ट तंतोतंत हवा, करंट जास्त असला तर चालतो, कमी नको.

४. एकेक पेडल, एकटा

गिटार, पेडल, अँप. बस. बोर्डवर ठेवून टेस्ट करायची नाही, कारण बोर्डवर आवाज बिघडला तर तो पॅच केबलचा आहे, सप्लायचा आहे की शेजारच्या पेडलचा, कसं कळणार?

प्रत्येकाला दहा मिनिटं द्या आणि क्रम तोच ठेवा. आधी बंद अवस्थेत आवाज जातो का. मग चालू. मग एकेक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत हळू फिरवा, खरखर येते का ऐका. मग फूटस्विच वीस वेळा दाबा, हो वीस, कारण वाईट स्विच चौथ्यांदा नाही, अकराव्यांदा दगा देतो. मग केबल लावलेली असताना जॅक हलकासा हलवा. आणि शेवटी पाच मिनिटं चालू ठेवून पाणी पिऊन या. काही बिघाड पेडल तापल्यावरच दिसतात.

बॅटरीवाल्यांचं झाकण उघडून बघा. आत जुनी बॅटरी फुगून पांढरी पावडर सुटली असेल तर ती काढा, क्लिपच्या टोकांना अल्कोहोल लावून घासा, हिरवं झालं असेल तर क्लिपच बदलून घ्या, दहा-वीस रुपयांचं काम आहे. आणि इनपुटमध्ये केबल खुपसून ठेवली की पेडल बंद असला तरी बॅटरी संपते, कारण बहुतेक पेडलमध्ये इनपुट जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो. हे पंधरा वर्षं वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

घूं घूं आवाज येतोय म्हणून पेडलला "खराब" लिहायच्या आधी तोच बॅटरीवर लावा. आवाज गेला तर दोष सप्लायचा. नाही गेला तर कूलर, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट, फोनचा चार्जर एकेक बंद करत जा. एका ओळखीच्याने घूं घूं करतो म्हणून फेझर अर्ध्या किमतीत दिला, घूं घूं रेग्युलेटरची होती, अजूनही आहे.

सावध: जर्मेनियमच्या फझचा निकाल उन्हाळ्यात लावू नका. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवा असतो, गरमीत त्याचं बायस (आतली विजेची ठरलेली पातळी) सरकतं आणि आवाज तुटक, थुंकल्यासारखा येतो. आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा गेल्यावर जो फझ भंगार वाटला तोच डिसेंबरात मलईसारखा वाजतो. मी एक असाच एप्रिलमध्ये विकला, अजून बोचतं.

डिजिटल पेडलचे प्रिसेट (साठवलेली सेटिंग) आताच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. लूपरमधलं (वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारा पेडल) रेकॉर्डिंगही. फॅक्टरी रीसेट नंतर करायचाच आहे, आणि तेव्हा ही आठवण होत नाही.

तपासा: यादीत प्रत्येकासमोर तीनपैकी एक शब्द असला पाहिजे: चालू, किरकोळ दुरुस्ती, बंद. "बघू" चालणार नाही.

५. पेडल बघून ठरवू नका, गाणी बघून ठरवा

हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळं इथेच फसतं. ४३ पेडलसमोर बसून "कोणता नको" विचारलं तर उत्तर येतं "सगळेच पाहिजेत", प्रत्येकाची काहीतरी गोष्ट असते, हा पहिल्या पगारातला, तो पुण्याहून आणलेला.

म्हणून पेडलकडे पाठ करा आणि कोरा कागद घ्या. पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर काय वाजवणार ते लिहा. बँडची सेटलिस्ट, ऑर्केस्ट्रातले नंबर, गणपतीतला कार्यक्रम, घरी रेकॉर्ड करायची स्वतःची चार गाणी. मग प्रत्येक गाण्यासमोर लागणारा आवाज लिहा, पेडलचं नाव नाही. "हलका क्रंच", "सोलोला उचल", "अर्ध्या सेकंदाचा डिले", "ओलसर क्लीन". माझी ३१ गाणी होती आणि आवाज किती निघाले? नऊ. मी दोनदा मोजले.

आता प्रत्येक आवाजाला एक पेडल द्या. दुसरा तेव्हाच, जेव्हा दोन्ही एकाच गाण्यात एकाच वेळी चालू लागतात. दोन ओव्हरड्राइव्ह एकमेकांवर चढवून वाजवत असाल तर ती दोन कामं आहेत, मान्य. पण पाच ओव्हरड्राइव्ह आलटून पालटून लावत असाल तर काम एकच आहे.

मग एकाच घराण्याचे शोधा, कारण वेगवेगळ्या रंगाच्या डब्यात एकच सर्किट बसलेलं असतं. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हचं घराणं सगळ्यात मोठं. टीएस९, टीएस८०८, हिरव्या रंगाचे सगळे मिनी, आणि थोडा चुलत म्हणून बॉस एसडी-१, ज्यात क्लिपिंग (लहरीचे शेंडे कापणं) असिमेट्रिकल आहे म्हणून किंचित वेगळा वाजतो. बिग मफ या फझचं घराणं दुसरं. माझ्याकडे ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातले सहा होते. सहा! आणि मी मित्रांना सांगायचो की माझ्याकडे "व्हरायटी" आहे.

६. एकाच घराण्यातल्यांची आंधळी परीक्षा

लूपर साखळीत सगळ्यात पहिला लावा, म्हणजे गिटारच्या लगेच नंतर. क्लीन आवाजात एक रिफ रेकॉर्ड करून फिरत ठेवा. आता तोच रिफ, त्याच हाताचा, प्रत्येक पेडलमधून जाईल आणि तुम्ही मोकळ्या हातांनी नॉब फिरवू शकाल.

मग आवाजाची पातळी सारखी करा, फोनवरच्या साऊंड मीटरने केली तरी चालेल. हे नाही केलं तर परीक्षा फुकट, कारण कानाला जो मोठा तो चांगला वाटतो, हे सगळ्यांचं होतं. त्यानंतर भावाला किंवा बायकोला पेडल बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. अ, ब, क असे कागद लावा. माझ्या बायकोने हे काम दोन चहांच्या बदल्यात केलं आणि जो पेडल मी "हा तर विकूच शकत नाही" म्हणत होतो तो मी सलग तीनदा शेवटच्या नंबरला टाकला.

सावध: फझ यात घेऊ नका. फझ थेट गिटारच्या पिकअपशी बोलतो, मध्ये लूपर आला की तो वेगळाच वाजतो. फझ हाताने वाजवूनच पारखा.

दुसरी गोष्ट. घरी हळू आवाजात जो गोड वाटतो तो बँडमध्ये गायब होतो. बिग मफसारख्यांचा मिड (मधल्या पट्टीचा आवाज) दबलेला असतो, एकट्याला भव्य वाटतो, ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार कुठे गेली ते कळत नाही. शेवटचे दोन उरले की ते जॅम रूमला घेऊन जा आणि निर्णय तिथे घ्या.

७. तीन खोके

राहणारे, जाणारे, थांबलेले.

राहणारे म्हणजे कागदावरच्या आवाजांना लागणारे, अधिक ट्यूनर, अधिक एक जास्तीचा ओव्हरड्राइव्ह, कारण गिगला तोच मरतो. भावनेपोटी ठेवायचे जास्तीत जास्त दोन, आणि ते बोर्डवर नाही, कपाटात.

जाणारे म्हणजे हरलेले जुळे आणि ज्यांचं काम कागदावर आलंच नाही.

थांबलेले म्हणजे ज्यांच्याबद्दल पोटात कालवतंय. या खोक्याला पूर्ण टेप मारा, वर आजची तारीख आणि ९० दिवसांनंतरची तारीख लिहा आणि डोळ्यांआड ठेवा. आत काय आहे ते बाहेर लिहायचं नाही. का ते शेवटी सांगतो.

८. आधी उरलेल्यांचा बोर्ड, मग विक्री

जाणाऱ्यांचं खोकं अजून घरातच आहे, बरोबर? असंच हवं. राहणाऱ्यांचा पूर्ण बोर्ड बांधा. ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, मॉड्युलेशन (कोरस, फेझरसारखे), डिले, रिव्हर्ब हा साधा क्रम, फझ असेल तर तो कोणत्याही बफरच्या (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) आधी.

पॉवरचा हिशोब यादीतून करा. सगळ्यांचे मिलिअँपिअर जोडा, त्यावर पाव भाग मोकळा ठेवा, आणि डिजिटलवाल्यांना आयसोलेटेड (बाकीच्यांपासून वेगळं) आउटपुट द्या. १४ पेडलसाठी मला जुनाच सप्लाय पुरला, लोक नेमकं उलटं करतात, पेडल विकून आलेल्या पैशात मोठा सप्लाय घेतात.

इथे एक छुपी चूक होते. बॉसच्या बहुतेक पेडलमध्ये बफर असतो, बंद असतानाही. तो लांब केबलमधून सिग्नल टिकवून ठेवतो. तुम्ही ते सगळे काढून फक्त ट्रू बायपासवाले (बंद असताना सिग्नल सरळ सोडणारे) ठेवले की दोन लांब केबल मिळून ट्रेबल खाऊन टाकतात, गिटारवर ब्लँकेट टाकल्यासारखी वाटते आणि माणूस म्हणतो "पेडल काढले आणि टोनच गेला". टोन गेला नाही, बफर गेला. एक बफरवाला ठेवा, बफरवाला ट्यूनर असला तरी भागतं.

आता या बोर्डवर निदान दोन प्रॅक्टिस आणि एक खरा कार्यक्रम करा.

तपासा: कार्यक्रमात कितीदा जाणाऱ्या खोक्याची आठवण आली? गाण्यात अडलं म्हणून आली असेल तर तो पेडल परत घ्या. नुसतीच आली असेल तर येऊ द्या.

९. सफाई आणि फोटो

नॉब काढून खालची धूळ टूथब्रशने काढा. खरखरणाऱ्या पॉटमध्ये (नॉबखालचा फिरता भाग) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा आणि वीस-तीस वेळा फिरवणं. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर, दाराच्या बिजागरीत मारतात तो स्प्रे नाही.

तळाच्या व्हेल्क्रोचा गोंद ही खरी कटकट. हेअर ड्रायरने गरम करून पट्टी हळू सोला, मग उरलेल्या चिकटाला थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. आपल्या शहराला शोभेल असा उपाय पण आहे, संत्र्याच्या सालीतलं तेल गोंद सोडवतं, साल दाबून चोळली तरी काम होतं. पण ते काही प्लास्टिक आणि रंगांनाही खातं, त्यामुळे फक्त धातूच्या तळावर, आधी कोपऱ्यात लावून बघून, आणि लेबलपासून लांब. शेवटी अल्कोहोलने पुसून घ्या.

ओरखडे रंगवू नका. गिऱ्हाईकाला ओरखडा चालतो, लपवलेला ओरखडा चालत नाही. पेडल मॉड केलेला (आतलं सर्किट बदललेला) असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा.

फोटो सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद. वरून, तळ, दोन्ही जॅकच्या बाजू, आणि जिथे खराब आहे तिथे जवळून. एका फोटोत कागदावर आजची तारीख. सोबत ४० सेकंदांचा व्हिडिओ, क्लीन, चालू, प्रत्येक नॉब एकदा. तुमचं कौशल्य दाखवायचा हा व्हिडिओ नाही, सोलो नको.

१०. भाव

तुम्ही कितीला घेतला होता ते विसरा. आज तो नवीन भारतात कितीला मिळतो ते बघा, आणि लोक मागतात तो भाव नाही तर विकला गेला तो भाव विचारा. मी चालू किमतीच्या ६० ते ६५ टक्के धरतो, खोकं आणि कागद असतील तर थोडं वर, किरकोळ दुरुस्ती असेल तर स्पष्ट खाली. समजा नवीन ८,००० ला मिळतो, तर मी ५,००० च्या आसपास लावतो आणि ४,७०० ला हो म्हणतो. बंद झालेले मॉडेल याला अपवाद, त्यांची घाई करू नका.

स्वस्तातले मिनी पेडल एकेक विकायला जाऊ नका, हजाराच्या पेडलसाठी चाळीस मेसेज येतात. तीन-चारचा संच करून नवीन शिकणाऱ्या पोराला द्या. महाग डिले-रिव्हर्बला मात्र नागपुरात गिऱ्हाईक कमी, तो पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला जाईल असं धरूनच चाला.

११. विक्री

एका वेळी तीन-चारच काढा. सगळे एकदम टाकले की लोकांना वाटतं पैशाची अडचण आहे आणि भाव पाडतात. "काऊन विकून रायला बे, काही प्रॉब्लेम?" असा पहिला मेसेज हमखास येतो.

गावातलं गिऱ्हाईक असेल तर घरी बोलवू नका, आतली बाकीची मांडणी दाखवायची गरज नाही. धरमपेठेत, सदरला, जिथे तुमची जॅम रूम असेल तिथे भेटा. बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर भेटायचं असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा अँप सोबत न्या, वाजवून दाखवल्याशिवाय देऊ नका आणि वाजवून बघितल्याशिवाय घेऊ देऊ नका, दोघांचं भलं.

पैसे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. कोणी म्हणाला "मी कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील", तर तिथेच थांबा, मग तो स्वतःला फौजी म्हणो की आणखी काही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली की मगच पेडल हातातून सोडा.

कुरियर करायचं असेल तर हा क्रम: फॅक्टरी रीसेट, बॅटरी बाहेर, नॉबवर फोमचा तुकडा, बबल रॅपचे तीन-चार वेढे, पेडलचं खोकं, ते दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधल्या जागेत चुरगळलेले कागद. हलवून बघा, आत काही हललं तर परत उघडा. पावसाळा असेल तर बाहेरून प्लास्टिक. सीरियल नंबर दिसेल असा पॅकिंगचा एक अखंड व्हिडिओ करा. माझा एक पेडल समोरच्याला नॉब तुटून मिळाला, मी बॅगेत नुसता गुंडाळून दिला होता, चूक माझीच, अर्धे पैसे परत केले.

१२. राहिलेले सांभाळणं, आणि ते बंद खोकं

माळ्यावर पेडल ठेवू नका. उन्हाळ्यात स्लॅबखाली भट्टी होते, व्हेल्क्रोचा गोंद वितळतो, रबरी कोटिंगचे नॉब चिकट होतात, कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. कूलरच्या झोतासमोरही नको, ती ओली हवा जॅक आणि स्विचमध्ये गंज आणते. लोखंडी कपाटाचा मधला खण, झिप पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, बॅटरी बाहेर. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येकाला वीज द्या आणि सगळे नॉब फिरवा.

आणि ९० दिवस झाले की ते थांबलेल्यांचं खोकं काढा, पण टेप फाडायच्या आधी कागद-पेन घ्या आणि आत काय काय आहे ते आठवणीने लिहा. जे लिहिता आलं त्यावर विचार करा, त्यांना परत सहाव्या टप्प्याच्या परीक्षेला बसवा. जे आठवलंच नाही ते टेप फाडल्यावर थेट जाणाऱ्यांच्या खोक्यात टाका, हातात घेऊन वाजवून बघायचं नाही, वाजवलंत की संपलं.

मी सात लिहिले होते, आतून अकरा निघाले. त्या चौघांची सफाई त्याच संध्याकाळी केली.